चार फूट पाण्याचा खर्च

बत्तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं. लोकांची थुंकी, लघवी, शौचाचे नमुने, जखमेतला पू, हे सगळं सकाळभर हाताळायचं आणि साडेबाराला हात धुऊन त्याच मजल्यावर डबा खायचा. मला किळस वगैरे येत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. मग निवृत्त झाले, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरामागे स्विमिंग पूल बांधायला काढला, आणि त्या एका वर्षात मला इतक्या वेळा शिसारी आली की काही विचारू नका.

सुरुवात माझ्या गुडघ्यांपासून झाली. दोन्ही गुडघ्यांची पार वाट लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज ना उद्या ऑपरेशन करावं लागेलच, पण छातीपर्यंतच्या पाण्यात रोज अर्धा तास चाललात तर दोन-तीन वर्षं तरी पुढे ढकलता येईल. मला ऑपरेशनची भीती वाटते, यात लपवण्यासारखं काही नाही. बिघडलेल्या ऑपरेशनांचे नमुने मी आयुष्यभर पाहिलेत. जी ऑपरेशनं नीट होतात, त्यांचे नमुने आमच्याकडे कोणी पाठवत नसे. शिकागोजवळ शॉमबर्गला आमची मुलगी असते, ती फोनवर म्हणायची, "आई, जस्ट गेट इट डन." तिला काय जातंय बोलायला.

तर मी सार्वजनिक पूलवर जायला लागले. पंचवीस मिनिटं ड्राइव्ह, मग त्या ओल्या, केस पडलेल्या चेंजिंग रूममध्ये एका पायावर उभं राहून कपडे बदलायचे. तेही केलं. पण एक दिवस परत येताना सिग्नलला ब्रेकवरचा उजवा गुडघा आखडला, तो हलेचना. मागचे हॉर्न वाजवतायत आणि मी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय उचलतेय. त्यानंतर मी जाणं बंद केलं. चार दिवसांनी नवरा जेवताना म्हणाला, "आपण घरीच बांधू पूल. तुझ्यासाठी. उठायचं आणि पाण्यात उतरायचं, गाडी नको न काही नको." मी भांडी उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि रडले. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला न मागता काही दिल्याची उदाहरणं फार नाहीत.

माझा नवरा पाइपिंगचा इंजिनिअर. तेल कंपनीत अख्खी हयात गेली. निवृत्त झाल्यापासून त्याच्या एक्सेलला काम नव्हतं, ते आता मिळालं. तीन कंत्राटदारांकडून कोटेशन मागवली, तिन्हींच्या ओळी शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येकाला घरी बोलावून चहा पाजून तो घासाघीस करायला बसला. पहिल्याला सांगायचं की दुसरा कमी म्हणतोय, दुसऱ्याला सांगायचं की तिसरा कमी म्हणतोय. तिसऱ्याने तर तेवढा कमी आकडा कधी दिलेलाच नसायचा. मी आत कणीक मळत हे ऐकायची. भाजीवाल्याशी असं वागलेलं मी समजू शकते, पण पाच बेडरूमच्या घरात सोफ्यावर बसून सफाईने खोटं बोलणारा आपला नवरा बघवत नाही.

शेवटी ज्याला काम दिलं, त्याचा सेल्समन तर माझ्या डोक्यातच गेला. उंच, लालबुंद, साठीकडे झुकलेला टेक्सन माणूस. खालच्या ओठात तंबाखूची गोळी धरलेली आणि थुंकायला हातात पाण्याची रिकामी बाटली. आपल्याकडची तंबाखू खाणारी माणसं निदान उठून बाहेर तरी जातात. हा माझ्या दिवाणखान्यात बसून, माझ्या कपातला चहा पिऊन, त्या बाटलीत तपकिरी थुंकायचा आणि ती बाटली माझ्या टेबलावर ठेवायचा. लॅबमध्ये थुंकीच्या डबीला झाकण आणि लेबल असायचं. वर मला "यंग लेडी" म्हणायचा. तो गेला की मी ब्लीच घेऊन टेबल पुसायची.

पूलचा खर्च कसा असतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. खड्डा खणणं स्वस्त, खणलेली माती नेऊन टाकणं महाग. आमच्याकडची माती काळी, चिकट, कापसाच्या रानातल्यासारखी. पाऊस पडला की फुगते, ऊन लागलं की फाटते. म्हणून लोखंड जास्त घालायचं, ते वेगळं. खणायचं यंत्र बाजूच्या फाटकातून जाईना, म्हणून कुंपण पाडायचं आणि परत उभं करायचं, ते वेगळं. लॉनखालच्या पाण्याच्या नळ्या त्यांनीच तोडायच्या आणि जोडायचे पैसे आपण द्यायचे. विजेची वेगळी लाइन. लहान मुलं पाण्याकडे जाऊ नयेत म्हणून दारांना अलार्म. कोटेशनमध्ये टाइल्सपुढे एक रक्कम लिहिलेली असते, ती बघून आपल्याला वाटतं टाइल्सचे पैसे आत आले. दुकानात गेल्यावर कळतं, तेवढ्या पैशात फक्त एकाच प्रकारची टाइल येते आणि ती सरकारी संडासातसुद्धा कोणी लावणार नाही. साठ हजार डॉलर म्हणता म्हणता लाखाच्या वर गेलं आणि त्यातला एकही माणूस उघड चोरी करताना सापडला नाही.

मग नवऱ्याने काटछाट सुरू केली. आणि ती एकट्याने नाही. आमच्या मराठी मंडळातला त्याचा एक जुना मित्र आहे, त्याच्याकडे पाच वर्षांपूर्वी पूल झाला, कृत्रिम दगडांचा धबधबा असलेला. तो शनिवारी यायचा आणि दोघं पॅटिओवर बियर घेऊन माझ्या पूलवर चर्चा करायचे. माझ्या, बरं का. मला कोणी बोलवत नसे. धबधबा ठेवायचा, कारण मित्राकडे आहे. रंग बदलणारे दिवे ठेवायचे, कारण मित्राकडे नाहीत. हीटर काढा, टेक्सासमध्ये हीटर कशाला. मी मागितलेल्या रुंद, बुटक्या पायऱ्या काढा, त्या फार जागा खातात, तिथे दगड बसणार होते. त्यांच्याऐवजी कोपऱ्यात चार उंच, अरुंद पायऱ्या आल्या.

मी एकदा मधे पडले. म्हटलं, "अरे, गुडघे माझे आहेत. ह्या पायऱ्या मी चढणार कशा?"

"पायऱ्या आहेत ना. रेलिंग धरून चढशील."

"रेलिंग कुठेय यात?"

"त्याचे तो दोन हजार वेगळे मागतोय. शुद्ध लुटारू आहे. पाइपचा एक वाकवलेला तुकडा, त्याला दोन हजार? मी स्वतः लावतो नंतर. आयुष्यभर पाइपच लावलेत मी."

मला ते पटलं. पाइपच्या बाबतीत तरी त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. आणि लुटारू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती थुंकीची बाटली आली. म्हटलं, बरोबर आहे, तो माणूस असाच असणार.

काम सहा आठवड्यांचं म्हणाले होते, चार महिने चाललं. घरासमोरच्या हिरवळीवर कामगारांसाठी प्लास्टिकचा संडास आणून उभा केला, तो ऐन जुलैत, माझ्या किचनच्या खिडकीसमोर. आठवड्यातून एकदा साफ करायला गाडी यायची, कधी यायची नाही. मागच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, त्यात बेडूक झाले, मग मेलेले बेडूक झाले. एक ऑपॉसम, म्हणजे इथला मांजराएवढा उंदरासारखा प्राणी, बुडून फुगलेलं सापडलं. ते कोणी काढायचं यावर कंत्राटदाराचे दोन विभाग तीन दिवस एकमेकांकडे बोट दाखवत होते. शेवटी मीच ग्लोव्ह्ज घालून, मास्क लावून, पानं काढायच्या जाळीने ते काढलं आणि दुहेरी पिशवीत बांधलं. नवरा आत बसून त्यांना कडक ईमेल लिहीत होता.

सप्टेंबरात एकदाचं पाणी भरलं. आणि आमच्या लोकांना कशाचंही उद्घाटन केल्याशिवाय राहवतं का? रविवारी अकरा वाजता जलपूजन ठरलं. चाळीस माणसं आली. मित्राच्या बायकोने गंगाजलाची सीलबंद बाटली आणली होती. क्लोरीनच्या पाण्यात गंगाजल ओतायचं, म्हणजे कोणी कोणाला शुद्ध करायचं हे मला कळलं नाही. पाण्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं सोडली, ती दहा मिनिटांत गाळणीत जाऊन अडकली आणि पंप घरघरायला लागला. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा नवरा ओरडला, पूलभोवतीच्या डेकवर नको, फरशीला डाग पडेल. मग सगळी मंडळी घराला वळसा घालून ड्राइव्हवेवर गेली आणि गॅरेजसमोर नारळ फुटला.

मग नेहमीसारखं झालं. पुरुष चड्ड्या घालून पाण्यात. पोटं पाण्यावर, बियरचे कॅन हातात. बायका छत्रीखाली खुर्च्यांत, इस्त्रीच्या कुर्त्यांत आणि साड्यांत, पुरुषांना टॉवेल आणि वडे पुरवतायत. आमच्या मंडळात इतक्या घरी पूल झाले, पण साठीच्या पुढची एक बाई कधी पाण्यात उतरलेली मी पाहिली नाही. कोणी मनाई केलेली नाही. तशी पद्धतच पडली आहे आणि ती मोडायची म्हणजे चाळीस माणसांसमोर ओल्या कपड्यात यायचं.

मी ठरवलं होतं की उतरायचं. हा पूल माझ्या गुडघ्यांसाठी आहे, मग पहिल्या दिवशी मी खुर्चीत का बसायचं? काळ्या लेगिंग्ज आणि गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता घालून मी काठावर बसले आणि अलगद आत सरकले. पाणी छातीला लागलं. आणि काय सांगू, सार्वजनिक पूल सोडल्यापासून पहिल्यांदा पाय टेकवला आणि दुखलं नाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परत आले. परत गेले. दोघी-तिघी मैत्रिणी काठाशी येऊन पाण्यात पाय सोडून बसल्या. मला इतकं बरं वाटत होतं की मी त्या धबधब्यालासुद्धा माफ केलं.

वीसेक मिनिटांनी बाहेर यायला निघाले. पहिल्या दोन पायऱ्या पाण्याने उचलून दिल्या. तिसरीवर अंग पाण्याबाहेर आलं आणि सगळं वजन एकदम गुडघ्यावर पडलं. गुडघ्याने साफ नकार दिला. धरायला काही नव्हतं. काठ गोल, गुळगुळीत आणि ओला, हात सटकत होता. मी खाली आले. थोडं थांबून परत प्रयत्न केला. परत खाली आले. तिसऱ्यांदा पडता पडता वाचले. तोवर पुरुष बाहेर येऊन वड्यांवर तुटून पडले होते आणि पाण्यात मी एकटी उरले होते.

मी नवऱ्याला हळूच हाक मारली. तो प्लेट घेऊन उभा होता. "ये ना हळूहळू, घाई काय आहे," म्हणाला. मी म्हटलं, "येता येत नाहीये." ते जरा मोठ्यांदा बोलले गेलं. त्याचा मित्र वळून म्हणाला, "वहिनी, क्रेन मागवू का?"

सगळे हसले. नवराही हसला. सगळ्यांत मोठ्यांदा तोच हसला.

मग काठावरून दोन पुरुषांनी माझ्या काखेत हात घालून वर ओढलं आणि मित्राने पाण्यात उतरून मागून ढकललं. हो, मागून. कुर्ता पोटावर चढला. पोतं ओढावं तसं त्यांनी मला डेकवर ओढून घेतलं आणि कोपर खरचटलं. मित्राच्या बायकोने चटकन टॉवेल टाकला माझ्यावर. तिचे डोळे भरले होते, कारण ती माझ्याच वयाची आहे. मी आत गेले, कपडे बदलले आणि बाहेर येऊन सगळ्यांना आइस्क्रीम वाढलं. माझ्या अंगावर त्या माणसाच्या हातांचा स्पर्श संध्याकाळपर्यंत चिकटून होता. दोनदा आंघोळ केली तरी गेला नाही.

पुढचे पाच आठवडे मी पाण्याकडे फिरकले नाही. नवऱ्याने रेलिंग लावलं नाही. पाइप आणतो म्हणाला, मग डेक फोडावा लागेल म्हणाला, मग वॉरंटी जाईल म्हणाला. मी ऐकून घेत होते आणि मनात त्या सेल्समनला शिव्या घालत होते. त्याने दोन हजारांसाठी अडवलं नसतं तर ही वेळ माझ्यावर आली नसती.

ऑक्टोबरच्या शेवटी तो सेल्समन शेवटची पाहणी करायला आला. नवरा दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. सेल्समनच्या हातात बाटली होतीच. मी त्याला आत घेतलं नाही, मागे डेकवरच उभं ठेवलं आणि सरळ विचारलं, "रेलिंग लावायचे आता किती घेणार? घासाघीस करणार नाही मी. सांग आणि बसव."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने टॅबलेट काढला, आमच्या पूलचं पहिलं ड्रॉइंग उघडलं आणि बोट ठेवलं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना रेलिंग काढलेलं होतं.

"मॅम, हे पहिल्यापासून किमतीतच होतं," तो म्हणाला. "माझ्या आईचे गुडघे गेलेत. साठीच्या पुढचं गिऱ्हाईक असलं की मी हे न विचारता घालतो. तुमच्या मिस्टरांनी काढायला लावलं. मी म्हटलं, काढलंत तरी एक डॉलर कमी होणार नाही. तरी काढा म्हणाले."

मी त्याला बसायला खुर्ची दिली. चहा विचारला. त्याने नको म्हटलं, तो खाली बघत होता. बाटली त्याने पाठीमागे धरली होती.

नवरा घरी आला, तेव्हा त्याचा अर्धा गाल बधिर होता. मी तो बसायचीसुद्धा वाट बघितली नाही. म्हटलं, "रेलिंग फुकट होतं. तू काढायला लावलंस."

"तो खोटं बोलतोय."

"मी ड्रॉइंग बघितलंय."

तो खुर्चीत बसला. गाल चोळला. मग म्हणाला, "लोक येतात आपल्याकडे. ते स्टीलचे दांडे दिसले की वाटतं, पेशंट राहतात इथे. कोणाकडे आहे का तसलं? एकाकडे तरी आहे का?"

"अरे, पण मी आहे ना पेशंट."

"म्हणून काय सगळ्यांना दाखवायचं?"

मला वाटलं होतं, पैशांसाठी केलं. पैशांसाठी केलं असतं तर मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि मग नेहमीप्रमाणे सोडून दिलं असतं. चिक्कूपणाची मला सवय आहे, थोडाफार माझ्यातही आहे. पण याला माझी लाज वाटत होती. त्या दिवशी पाण्यात मी अडकले होते तेव्हा तो सगळ्यांत मोठ्यांदा का हसला, हे मला आत्ता समोर उभं राहून कळलं. बायको आपली नाहीच, असं तो त्या चाळीस माणसांना दाखवत होता. त्याच्या त्या बधिर, एका बाजूने ओघळलेल्या ओठाकडे माझं लक्ष गेलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि त्याला कळत नव्हतं. एरवी मी हात पुढे करून ती पुसली असती, त्या दिवशी पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात हॉस्पिटलात फॉर्म भरायला बोलावलं, तेव्हा नवराच गाडी चालवत घेऊन गेला. मी फॉर्म भरत होते आणि तो शेजारच्या खुर्चीत बसून माझा लांबचा चष्मा पुसत होता. तिसऱ्या पानावर एक प्रश्न होता: घरी गेल्यावर पहिले सहा आठवडे तुम्हाला उठवायला, बसवायला आणि आंघोळ घालायला कोण असेल?

मी शॉमबर्गच्या मुलीचं नाव लिहिलं आणि तिचा फोन नंबर. पुढच्या ओळीत 'दुसरी व्यक्ती' असं होतं. तिथे मी रेघ मारली. चष्मा परत देताना त्याने ते पान वाचलं. मी पुढच्या पानावर सही करायला घेतली.